पार्क मैदानावर आधी कोण? क्रिकेट, फुटबॉल आणि मधले बावीस यार्ड

जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र आणि मणिपूर यांच्यातला रणजी सामना सोलापुरात झाला. पार्क स्टेडियमवर, म्हणजे कागदोपत्री इंदिरा गांधी स्टेडियमवर. पण हे नाव सोलापुरात रिक्षावाल्याला सांगितलं तर तो क्षणभर थांबतो आणि मग विचारतो, "पार्कवर जायचंय का?" जुन्या लोकांनी इथे पूर्वीही रणजीचे सामने पाहिले होते. नव्या पिढीला मात्र हे ऐकूनही ठाऊक नव्हतं, कारण मध्ये जवळपास तीन दशकांचा खंड पडला होता.

मैदान या काळात कुठेही गेलं नव्हतं. गॅलरी होती, गॅलरीखालचे दुकानगाळे होते, बाहेर संध्याकाळी चौपाटीवर गर्दी होती. मग सामनाच का गेला, आणि परत यायला एवढी वर्षं का लागली? यावर कट्ट्यावरचं उत्तर ठरलेलं आहे: "पुण्याच्या लोकांनी सगळं पुण्यात नेलं." त्यात थोडं तथ्य आहे, त्याकडे पुढे येऊच. पण मोठं कारण मैदानाच्या मध्यभागी, मातीत आहे. एकाच जागेवर क्रिकेट, फुटबॉल, टेनिस बॉलच्या स्पर्धा, शाळांचे मेळावे आणि कधी सभा असं सगळं होत असेल, तर त्या मातीला काय सोसावं लागतं हे कळल्याशिवाय कुठल्याही जिल्ह्याच्या मैदानाचा इतिहास कळत नाही.

एक मैदान, दोन खेळ: ही सोय आली कुठून

क्रिकेट आणि फुटबॉल एकाच मैदानात खेळवायची कल्पना आपली नाही, इंग्लंडची आहे, आणि तिकडे ती अगदी शहाणपणाची होती. तिथे क्रिकेट उन्हाळ्यात. हिवाळ्यात मैदान ओलं, गारठलेलं आणि रिकामं. क्लबातली पोरं त्या चार-सहा महिन्यांत पांगू नयेत म्हणून क्रिकेटवाल्यांनीच फुटबॉल सुरू केला. शेफील्ड शहरात १८२० पासून 'वेन्सडे' नावाचा क्रिकेट क्लब होता. त्याच्या सभासदांनी १८६७ मध्ये फुटबॉलचा संघ काढला, तोच आजचा शेफील्ड वेन्सडे. ऑस्ट्रेलियातही तेच. टॉम विल्स या क्रिकेटपटूने १८५८ मध्ये पत्र लिहून सुचवलं की हिवाळ्यात क्रिकेटपटूंचं अंग आखडू नये म्हणून फुटबॉलचा क्लब काढावा. तिकडचा स्वतंत्र फुटबॉल पुढे त्यातून वाढला आणि आजही क्रिकेटच्या गोल मैदानावरच खेळला जातो.

लंडनचं ओव्हल आपण कसोटीसाठी ओळखतो. इंग्लंडमधली पहिली कसोटी तिथे १८८० मध्ये झाली. पण त्याच्या आठ वर्षं आधी, १८७२ मध्ये, एफए कप या फुटबॉल स्पर्धेचा पहिला अंतिम सामना त्याच मैदानावर झाला होता. शेफील्डच्या ब्रॅमल लेनवर १९०२ मध्ये कसोटी झाली. पुढे फुटबॉलने तिथे असं बस्तान बसवलं की १९७३ मध्ये क्रिकेटला गाशा गुंडाळावा लागला.

तिथे ही व्यवस्था इतकी वर्षं चालली याचं कारण एकच: दोन ऋतू, दोन खेळ, आणि मध्ये मातीला सावरायला वेळ.

इंग्रजांबरोबर दोन्ही खेळ इकडे आले, पण ऋतू उलटे झाले. आपल्याकडे क्रिकेट दिवाळीपासून होळीपर्यंतचं, आणि फुटबॉल परंपरेने पावसाळ्याचा. कोलकाता, मुंबई, सगळीकडे तसंच. अपवाद आहेत. मुंबईची कांगा लीग १९४८ पासून भर पावसात क्रिकेट खेळते. कोल्हापुरात तालमींच्या संघांचा फुटबॉल हंगाम उलट दिवाळीनंतर रंगतो. पण ढोबळमानाने आपलं गणित असं की जून ते सप्टेंबर फुटबॉल आणि ऑक्टोबरपासून क्रिकेट. कागदावर हेही छान दिसतं. वर्षाचे दोन भाग केले, वाद मिटला.

मिटत नाही, कारण इंग्लंडच्या हिवाळी चिखलात आणि सोलापूरच्या पावसाळी चिखलात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

वर्तुळ आणि पट्टी

आधी थोडं मोजमाप, कारण भांडण नेमकं कुठे होतं ते त्यातून दिसतं.

क्रिकेटची खेळपट्टी एका बाजूच्या स्टंपपासून दुसऱ्या बाजूच्या स्टंपपर्यंत २२ यार्ड, म्हणजे २०.१२ मीटर. रुंदी १० फूट, म्हणजे ३.०५ मीटर. फुटबॉलच्या मैदानाच्या मध्यभागी जे वर्तुळ असतं त्याची त्रिज्या ९.१५ मीटर, म्हणजे १० यार्ड. व्यास २० यार्ड. आता फुटबॉलचं मैदान क्रिकेटच्या मैदानात बरोबर मधोमध आखा. मधली खेळपट्टी त्या वर्तुळात जवळजवळ पूर्ण मावते. दोन्हीकडचे स्टंप वर्तुळाच्या बाहेर फक्त एकेक यार्ड राहतात.

आखणी अशीच का करायची, जरा आडवी का नाही, असं कुणीही विचारेल. पण सूर्य आडवा येतो. खेळपट्टी उत्तर-दक्षिण ठेवतात, म्हणजे संध्याकाळी फलंदाजाच्या डोळ्यांत थेट ऊन जात नाही. न्यूझीलंडच्या नेपियरचं मैदान पूर्व-पश्चिम आहे. तिथे जानेवारी २०१९ मध्ये भारताविरुद्धचा एकदिवसीय सामना चक्क मावळतीच्या उन्हामुळे अर्धा तास थांबवला होता. गोलरक्षकालाही तोच त्रास होतो, म्हणून फुटबॉलचं मैदानही शक्यतो उत्तर-दक्षिणच आखतात. दोन्ही खेळ एकाच दिशेला तोंड करून, एकाच जागेवर येऊन बसतात.

फुटबॉलमध्ये ही मधली जागा काही शांत नसते. किकऑफ इथे, प्रत्येक गोलनंतर पुन्हा इथेच, आणि मधल्या फळीची सगळी ढकलाढकली इथेच. खिळ्यांचे बूट घालून बावीस जण दीड तास ज्या जागेभोवती वळतात, घसरतात, तिथेच चार महिन्यांनी एखादा वेगवान गोलंदाज चेंडू आपटणार असतो आणि तो किती उंच येईल हे एखाद्याच्या कपाळाच्या दृष्टीने महत्त्वाचं असतं.

क्रिकेटवाले मधल्या भागाला 'स्क्वेअर' म्हणतात. एकच पट्टी नसते, शेजारीशेजारी सात, आठ, नऊ पट्ट्या असतात, म्हणजे एक वापरून झाली की तिला विश्रांती देऊन दुसरी वापरता येते. त्यामुळे जपायची जागा दहा फुटांची नाही, पंचवीस-तीस मीटर रुंदीची होते.

काळ्या मातीचा स्वभाव

आता खरा विषय. सोलापूरच्या माणसाला काळी माती समजावून सांगायची म्हणजे धाडसच आहे, पण शेतातली काळी माती आणि पिचवरची काळी माती एकच असूनही तिच्याकडून अपेक्षा अगदी उलट असतात.

आपली माती दख्खनच्या बेसॉल्ट खडकापासून झालेली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज भरपूर असतं. त्याच्या कणांची रचना एकावर एक ठेवलेल्या बारीक पापुद्र्यांची. पाणी त्या पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं, माती फुगते. पाणी निघून गेलं की ती आकसते आणि भेगा पडतात. एप्रिलमध्ये मंगळवेढ्याच्या रानात हात जाईल एवढ्या भेगा दिसतात, त्या याच स्वभावामुळे. कोकणातल्या तांबड्या मातीत मुख्यतः केओलिनाइट असतं. ते इतकं फुगत नाही, इतकं आकसतही नाही. म्हणून तांबड्या मातीच्या पिचवर चेंडू जास्त उसळतो, पण पृष्ठभाग लवकर सुटून धूळ होतो. काळ्या मातीचं पिच ओलावा धरून ठेवतं, मातीचे कण एकमेकांना घट्ट चिकटतात, पृष्ठभाग जास्त दिवस टिकतो. उसळी मात्र सहसा कमी, आणि सामना पुढे सरकेल तसा चेंडू आणखी खाली राहू लागतो.

चांगल्या पिचच्या मातीत चिकणमातीचं प्रमाण निम्म्याच्या आसपास किंवा जास्तच लागतं. ती माती आपल्याकडे ट्रॉलीने मिळते. पण ट्रॉली आणली, ओतली, रोलर फिरवला, पिच झालं, असं होत नाही. आपल्या मातीत चुनखडीचे खडे असतात. शेतात त्याचं फारसं बिघडत नाही. पिचमध्ये हरभऱ्याएवढा एक खडा पृष्ठभागाखाली राहिला तर त्या जागी चेंडू भलतीकडेच उडतो. म्हणून माती वाळवायची, फोडायची, चाळायची. खाली दगड-खडीचा थर, त्यावर वाळू, म्हणजे जास्तीचं पाणी निथळून जातं. मग वर चाळलेली माती पातळ थरांनी, प्रत्येक थर दाबत दाबत. वरचा चिकणमातीचा थर वीतभर किंवा थोडा अधिक. यात घाई केली की थर एकमेकांना धरत नाहीत. मग पिच वरून गुळगुळीत दिसतं आणि आतून पोकळ वाजतं.

रोलर कधी फिरवायचा, हे खरं कसब. शेतकऱ्याचा वाफसा इथेही लागतो. फार ओल्या मातीवर रोलर घातला तर माती त्याला चिकटून उठते. फार कोरडी असली तर दबतच नाही, नुसती वरून चकचकते. ज्वारीच्या पिठात पाणी कमी पडलं की भाकरीच्या कडा फाटतात आणि जास्त झालं की ती थापलीच जात नाही, तसा हा प्रकार आहे. फरक इतकाच की भाकरी दोन मिनिटांत कळते, पिच बरोबर झालं का हे कळायला दोन-तीन आठवडे लागतात. पाणी, रोलर, ऊन, पुन्हा थोडं पाणी, पुन्हा रोलर. माळी अंगठ्याने दाबून पाहतो, पेनाचं टोक किंवा किल्ली खुपसून पाहतो, आणि मनातल्या मनात ठरवतो की आज फिरवायचा का उद्या. एकदा सामना सुरू झाला की मग नियम आडवा येतो: डाव सुरू होण्याआधी किंवा दिवसाचा खेळ सुरू होण्याआधी जास्तीत जास्त सात मिनिटं रोलर. जे काही दाबायचं ते आधीच दाबलेलं असावं लागतं.

आणि गवत. पिचवर गवत शोभेसाठी नसतं. मुळं माती बांधून ठेवतात आणि आतलं पाणी वर खेचून पट्टी सारखी वाळवतात. यासाठी जगभर ज्याला बर्म्युडा म्हणतात ते गवत वापरतात. त्याच्या सुधारित जाती असतात, महागही असतात, पण मूळ कूळ म्हणजे आपली हरळी. ज्या हरळीच्या काशा उपटता उपटता बार्शी-मोहोळच्या शेतकऱ्याची पाठ मोडते, तीच हरळी मैदानावर विकत आणून लावतात आणि ती नीट धरेना म्हणून लोक चिंतेत असतात.

आता फुटबॉलकडे वळा. फुटबॉलच्या मैदानाला पाणी चटकन निचरणारी, वाळूमिश्रित, थोडी लवचीक जमीन हवी. क्रिकेटच्या स्क्वेअरला पाणी धरणारी, दगडासारखी घट्ट जमीन हवी. एकच जागा दोन्ही कशी देणार? पावसात भिजून फुगलेल्या काळ्या मातीवर बुटाचे खिळे पडले की नुसते खड्डे पडत नाहीत. थरांमध्ये जपलेली सारखी घट्टता मोडते. काही ठिकाणी माती जास्त दाबली जाते, काही ठिकाणी उकरली जाते. पाऊस गेला, ऊन पडलं की हे सगळं तसंच्या तसं वाळून कडक होतं. वरून नवी माती पसरून रोलर फिरवला तर जखम झाकली जाते, भरत नाही. खालचा विस्कटलेला थर तसाच राहतो.

सोलापूरचा पाऊस यात आणखी एक मेख मारतो. जिल्ह्याची वर्षाची सरासरी जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे तसा कमीच. पण त्यातला सर्वांत जोराचा महिना बहुतेक वेळा सप्टेंबर असतो. कोकणात, पुण्याकडे पाऊस ओसरायला लागतो तेव्हा आपल्याकडे तो रंगात येतो आणि परतीचा पाऊस ऑक्टोबरातही झोडपतो. म्हणजे मातीला सावरायला फुटबॉल आणि क्रिकेटच्या मध्ये जे काही आठवडे मिळायला हवेत, तेच पावसात जातात. आणि हरळीला एप्रिल-मेमध्ये रोज पाणी हवं असतं, तेव्हा या शहरात घरच्या नळालाच काही दिवसांआड पाणी येतं. उजनीच्या पाण्यावर वाट पाहत बसलेल्या गावात मैदानावर पाइप सोडला तर लोक नावं ठेवणारच, आणि त्यांचं चुकतंय असं मला तरी म्हणवत नाही.

मॅट होती तोवर भांडण नव्हतं

एक गोष्ट सहसा विसरली जाते. गावोगावच्या मैदानांवर पूर्वी क्रिकेट मॅटिंगवर खेळलं जायचं. मुरूम किंवा माती दाबून एक सपाट पट्टी करायची, त्यावर काथ्याची चटई ताणून खिळ्यांनी ठोकायची. खेळ संपला की चटई गुंडाळून खोलीत. संध्याकाळी त्याच जागी फुटबॉल, सकाळी कवायत, कुणाचं काही अडत नव्हतं. अजूनही शाळांच्या आणि लहान क्लबांच्या सामन्यांना मॅट चालते.

टर्फ आलं, म्हणजे खरी मातीची आणि गवताची खेळपट्टी आली, तेव्हा मैदानाच्या मध्यभागी दोरी बांधावी लागली. दोरीच्या आत पाऊल टाकायचं नाही. ज्या मैदानावर आतापर्यंत सगळ्यांचा हक्क होता तिथे एक जागा अशी झाली जिच्यावर वर्षातले बहुतेक दिवस कुणीच खेळू शकत नाही, अगदी क्रिकेटवालेसुद्धा. बाहेरून बघणाऱ्याला हे आडमुठेपणाचं वाटतं. पण प्रथम श्रेणीचा सामना मॅटवर होत नाही. रणजी हवी तर टर्फ हवं, टर्फ हवं तर दोरी हवी, आणि दोरी हवी तर कुणाला तरी "बाजूला खेळ" म्हणावं लागतं.

रणजी सामना गावाला मिळतो कसा

आता पुण्याच्या आरोपाकडे. महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशन १९३४ मध्ये स्थापन झाली, तिचं ठाणं पुण्यात. मुंबई आणि विदर्भाचे संघ वेगळे, त्यामुळे उरलेल्या महाराष्ट्राचा संघ म्हणजे 'महाराष्ट्र'. त्यात सोलापूर, नाशिक, कोल्हापूर, सांगली, रत्नागिरी, जळगाव, छत्रपती संभाजीनगर सगळे आले. घरचे सामने कुठे ठेवायचे हे ही संघटना ठरवते.

२००२ पर्यंत रणजी विभागवार खेळली जायची. पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, गुजरात, बडोदा आणि सौराष्ट्र हे पाच संघ. साखळीत प्रत्येकाशी एकदा, म्हणजे वर्षाला घरचे सामने दोनच्या आसपास. तेवढ्यातच सगळ्या जिल्ह्यांचा नंबर लावायचा. एकदा तुमचा नंबर हुकला की पुढचा कधी येईल याचा भरवसा नाही. पुढे स्पर्धेची रचना बदलली, सामने वाढले, पण अपेक्षाही वाढल्या. चांगली ड्रेसिंग रूम, सरावाच्या वेगळ्या पट्ट्या, पूर्ण मैदान झाकतील अशी आच्छादनं, कॅमेरे लावायला जागा, सामनाधिकाऱ्यांची सोय, खेळाडूंना उतरायला हॉटेलं. आणि सामन्यानंतर पिचचा अहवाल जातो. तो वाईट गेला तर नाव खराब होतं. २०१२ मध्ये गहुंजेला असोसिएशनचं स्वतःचं स्टेडियम उभं राहिलं. घरचं मैदान असताना, जिथे मातीवर वर्षभर आपलाच माणूस आहे तिथे सामना ठेवायचा, की महापालिकेच्या मैदानावर, जिथे गेल्या महिन्यात आणखी काय काय झालं असेल याचा अंदाज नाही? पुण्याने नेलं असं म्हणण्यापेक्षा, नेण्यासारखी परिस्थिती आपण हातात दिली असं म्हणणं जास्त खरं आहे. हे बोलायला गोड नाही, पण नाशिकचं उदाहरण बघा. तिथलं अनंत कान्हेरे मैदानही शहराच्या मधोमध, सार्वजनिकच आहे, आणि तिथे रणजीचे सामने होत राहिले.

सोलापूरचं पुनरागमन 'स्मार्ट सिटी'च्या पैशांतून सुरू झालं. जानेवारी २०१६ मध्ये पहिल्या वीस शहरांची यादी आली तिच्यात सोलापूर होतं. त्यातून पार्क स्टेडियमचं नूतनीकरण झालं. उद्घाटनाच्या बातम्यांत दिवे, गॅलरी आणि इमारत दिसते, कारण फोटो त्याचेच येतात. सामना मात्र मिळाला तो मैदान नव्याने तयार झालं, स्क्वेअर नव्याने बांधलं गेलं म्हणून.

बाकीच्यांनी काय केलं

हा पेच एकट्या सोलापूरचा नाही. कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगालचे सामनेही व्हायचे. १६ ऑगस्ट १९८० ला तिथे गर्दीत हाणामारी आणि चेंगराचेंगरी होऊन १६ जणांचा जीव गेला. पुढे १९८४ मध्ये सॉल्ट लेकचं मोठं स्टेडियम झालं आणि मोठा फुटबॉल तिकडे सरकला.

केरळमध्ये २०१८ साली उलटं घडलं. कोचीच्या नेहरू स्टेडियमवर १७ वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकासाठी उत्तम हिरवळ तयार केली होती. तिथे भारत-वेस्ट इंडिज एकदिवसीय सामना ठेवायचा घाट घातला गेला. म्हणजे मध्यभागी खणून खेळपट्टी करावी लागणार. सुनील छेत्रीपासून सचिन तेंडुलकरपर्यंत सगळ्यांनी हिरवळ वाचवा म्हटलं आणि सामना तिरुवनंतपुरमला गेला. फुटबॉलवाले सहसा ऐकून घेणाऱ्या बाजूला असतात, त्यांनी एखादी फेरी जिंकलेली पाहून मला बरं वाटलं होतं.

पैसे असतील तर तिसरा मार्ग आहे. १९७७ मध्ये केरी पॅकर या टीव्ही चॅनेलवाल्या उद्योगपतीने ऑस्ट्रेलियात बंडखोर क्रिकेट सुरू केलं तेव्हा त्याला नेहमीची मैदानं मिळेनात. मेलबर्नजवळच्या फुटबॉलच्या मैदानावर खेळायचं तर खेळपट्टी कुठून आणणार? काँक्रीटच्या मोठ्या परातींत माती भरून बाहेर पिच वाढवलं आणि उचलून आणून मैदानात बसवलं. त्यालाच आता ड्रॉप-इन पिच म्हणतात. क्रेन, वाहतूक आणि परातींसाठी वेगळी रोपवाटिका, एवढा पसारा लागतो. जिल्ह्याच्या मैदानाला तो झेपण्यातला नाही.

आपला एक माणूस

सोलापूर आणि क्रिकेट म्हटलं की पॉली उम्रीगर यांचं नाव निघतंच. २८ मार्च १९२६ ला ते इथे जन्मले, शाळकरी वयात मुंबईला गेले. ५९ कसोटी, ३,६३१ धावा, १२ शतकं. कसोटीत द्विशतक करणारे ते पहिले भारतीय, न्यूझीलंडविरुद्ध १९५५ मध्ये हैदराबादला २२३. ते मैदान म्हणजे फतेह मैदान, जिथे क्रिकेट आणि फुटबॉल दोन्ही व्हायचं. हे सगळं प्रश्नमंजूषेत येतं. येत नाही ते हे, की खेळ सोडल्यावर, निवड समितीचं अध्यक्षपद आणि बोर्डाचं काम करून झाल्यावर, त्यांनी काही काळ वानखेडेच्या खेळपट्टीची देखभालही केली. पोर्ट ऑफ स्पेनला एकाच कसोटीत ५६ आणि नाबाद १७२ धावा आणि पाच बळी अशी कामगिरी केलेला माणूस रोलर आणि पाण्याचं गणित बघत होता.

आज इथला अर्शिन कुलकर्णी १९ वर्षांखालील विश्वचषक खेळून आयपीएलपर्यंत पोहोचला आहे, जिल्ह्यातल्या किरण नवगिरेने २०२२ मध्ये टी-ट्वेंटीत एका डावात नाबाद १६२ केल्या. गुणवत्ता आहेच. पण अशा मुलांना उसळीची सवय चांगल्या पट्टीवरच लागते, सिमेंटवर नाही.

मग फुटबॉलच्या पोरांनी जायचं कुठे

नूतनीकरण झालेल्या कुठल्याही सार्वजनिक मैदानाला एक धोका असतो: ते इतकं चांगलं होतं की त्याला कुलूप लागतं. चार पुतळ्यांपासून होम मैदानापर्यंतचा हा पट्टा सोलापूरचं अंगण आहे. जानेवारीत गड्ड्याची जत्रा होम मैदानावर भरते, नंदीध्वजांच्या मिरवणुकीला सगळं शहर रस्त्यावर उतरतं, आणि नेमका तोच रणजीचा हंगाम असतो. मणिपूरचा सामना संक्रांतीच्या थोडाच आधी झाला. मोकळी जागा कमी असलेल्या शहरात मैदानाच्या मधोमध दोरी बांधून बाकी सगळ्यांना बाहेर काढणं हा उपाय नाही, आणि दोरीच काढून टाकणं हाही नाही.

मी हिशोब करून पाहिला. समजा मैदान १४० मीटर व्यासाचं गोल आहे आणि मधलं स्क्वेअर नऊ पट्ट्यांचं, साधारण साडेसत्तावीस मीटर रुंद. मधोमध आखलं तर १०५ बाय ६८ मीटरचं पूर्ण फुटबॉल मैदान आरामात बसतं, फक्त स्क्वेअरवरून. स्क्वेअर टाळून एका बाजूला सरकवलं, तर ९० मीटर लांबी धरून रुंदी मिळते फक्त चाळीस मीटर. मोठ्यांच्या फुटबॉलला किमान ४५ मीटर लागते. पाच मीटर कमी पडतात. बाराएक वर्षांच्या मुलांना, सात-सात जणांच्या संघांना मात्र एवढी जागा पुरून उरते. दोन्ही बाजू धरल्या तर दोन मैदानं होतात, मधल्या पट्टीवर पाऊल न पडता. फक्कीने चार रेषा मारायच्या आणि सरकवता येणारे गोलपोस्ट आणायचे, एवढाच खर्च.

मोठ्यांच्या सामन्यांसाठी दुसरं मैदान लागेल, त्यावाचून इलाज नाही. तिथे निचरा होणारी वाळूमिश्रित जमीन करता येईल आणि पावसाळाभर खेळता येईल. पार्कवर खेळवायचंच तर जून-जुलैत उरकावं, सप्टेंबरचा पाऊस लागायच्या आत स्क्वेअर माळ्याच्या ताब्यात द्यावं. आणि कुठला अर्ज मंजूर करायचा हे ठरवताना त्या माळ्याला एकदा विचारावं की माती ओली आहे का.